श्वासाची हजेरी



आज मी तुमच्याशी श्वासाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? श्वास तर बैलही घेतो आणि बैल हाकणाराही घेतो. अगदी खरं. पण श्वास घेणं निराळं आणि आपण श्वास घेतो आहोत हे कळणं निराळं. या कळण्यावर एक फार जुनी विद्या उभी आहे. भगवान बुद्धांनी ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी शिकवली. पालीत तिला 'आनापानसति' म्हणतात. आन म्हणजे आत येणारा श्वास, अपान म्हणजे बाहेर जाणारा श्वास आणि सति म्हणजे स्मृती, भान. हे भान पक्कं झालं की त्याच्या पायावर 'विपस्सना' उभी राहते. आपण मराठीत तिला विपश्यना म्हणतो. विपश्यना म्हणजे नीट पाहणं, जे जसं आहे ते तसं पाहणं.

मी काही पंडित नाही. प्राथमिक शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. म्हणून पोथीपासून सुरुवात न करता माझ्या वर्गापासून करतो.

पावसाळ्याचे दिवस होते. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. त्यातला एक मुलगा वरचेवर उशिरा यायचा. त्या दिवशी प्रार्थना होऊन अर्धा तास झाल्यावर तो चिखलानं भरलेल्या पायांनी दारात येऊन उभा राहिला. तालुक्याला पाठवायची माहिती भरायची राहिली होती, म्हणून माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी विचारलं, "का रे, उशीर का?" तो खाली मान घालून गप्प. आणि माझा हात उठला. एकच थप्पड. वर्ग चिडीचूप झाला आणि मी धडा पुढे चालू केला.

दुपारच्या सुट्टीत कळलं, की त्यांची म्हैस रात्री अडली होती. बाप परगावी होता. हे नऊ वर्षांचं पोर आईच्या सोबतीला रात्रभर बॅटरी धरून गोठ्यात उभं होतं. पहाटे रेडकू मोकळं झालं, तेव्हा कुठं त्याचा डोळा लागला.

मला वाईट वाटलं. त्याला जवळ बोलावून मी तसं सांगितलंही. तो "हो गुरुजी" म्हणाला आणि पळाला. मला वाटलं, विषय संपला. पण दोन-तीन दिवसांनी पावसाचा सडाका आला, म्हणून मी त्याच्या बाकामागची खिडकी लावायला हात वर केला. तेवढ्यानं त्या पोरानं चटकन कोपर वर करून आपलं डोकं झाकलं.

शाळेत मुलांना मारू नये, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे. तो मला माहीत होता. त्यावरच्या प्रशिक्षणालाही मी बसलो होतो. पण डोक्याला जे ठाऊक होतं ते हाताला ठाऊक नव्हतं. राग आला आणि हात उठला. या दोन गोष्टींच्या मध्ये मी कुठंच नव्हतो. हे मला त्या कोपरानं दाखवलं. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एका स्नेह्याच्या सांगण्यावरून मी इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला गेलो.

आता इगतपुरीला ही विद्या आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. आपल्या महाराष्ट्राला ती अगदीच परकी नाही. भाजे, कार्ले, जुन्नर, कान्हेरी इथली लेणी तुम्ही पाहिली असतील. तिथं भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आहेत आणि कित्येक खोल्यांत दगडाचाच ओटा आहे. पावसाळ्यात भिक्षू हिंडत नसत. एका जागी राहून ध्यान आणि अध्ययन करत. श्वासावरचं बुद्धांचं जे मुख्य प्रवचन आहे, तेही पावसाळ्याचा मुक्काम संपताना, कार्तिकातल्या पौर्णिमेच्या रात्री श्रावस्तीत दिल्याची नोंद आहे. पुढे आपल्याकडे भिक्षुसंघ उरला नाही, लेणी ओस पडली. विद्या टिकली ती शेजारच्या देशांत, आणि त्यातही ब्रह्मदेशात.

तिथं लेडी सयाडो नावाचे मोठे विद्वान भिक्षू होऊन गेले. त्यांचा काळ १८४६ ते १९२३. ध्यान हे फक्त भिक्षूंचं काम नाही, संसारी माणसालाही ते करता येतं, असं त्यांनी शिकवलं. त्यांचे एक शिष्य शेतकरी होते. सया थेटजी हे त्यांचं नाव. रंगूनजवळच्या एका खेड्यात १८७३ साली त्यांचा जन्म झाला. गावात पटकीची साथ आली आणि त्यांची मुलं तिच्यात गेली. त्या दुःखानं ते घराबाहेर पडले, गुरूच्या शोधात हिंडले, शिकले आणि पुन्हा आपल्याच गावी येऊन भातशेतीच्या शेजारी लोकांना शिकवू लागले. त्यांच्याकडे १९३७ साली रेल्वेनं एक सरकारी नोकर आला. तो म्हणजे ऊ बा खिन. ब्रह्मदेश १९४८ साली स्वतंत्र झाला, तेव्हा तिथले पहिले महालेखापाल हेच झाले. दिवसा हिशेब आणि उरलेल्या वेळात ध्यान शिकवणं, असा त्यांचा क्रम होता. कचेरीतल्या कारकुनांनाही त्यांनी शिकवलं.

त्यांच्याकडे १९५५ साली मंडालेत जन्मलेले एक भारतीय व्यापारी आले. ते सत्यनारायण गोएंका. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. त्यासाठी त्यांना मॉर्फिन टोचून घ्यावं लागे. डोकेदुखी जावी म्हणून ते आले, तेव्हा ऊ बा खिन यांनी त्यांना आधी परतच पाठवलं. डोकेदुखीचं औषध म्हणून ही विद्या मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मन निर्मळ करायचं असेल तर ये. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे मला तिच्याकडे परत यायचं आहे. गोएंका १९६९ साली भारतात आले आणि त्याच जुलैत मुंबईत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं. इगतपुरीच्या टेकडीवर 'धम्मगिरी' हे केंद्र १९७६ साली सुरू झालं. गोएंका २०१३ साली वारले.

ही झाली वंशावळ. एक शेतकरी, एक हिशेबनीस, एक व्यापारी. यांतला एकही जण भिक्षू नव्हता.

आता शिबिरात काय करतात ते सांगतो. पहाटे चारला घंटा होते. जेवणाचे आणि राहण्याचे पैसे घेत नाहीत. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पहिले नऊ दिवस कुणाशी बोलायचं नाही. बसण्याआधी पाच गोष्टी पाळण्याचं वचन द्यावं लागतं. हिंसा नाही, चोरी नाही, शरीरसंबंध नाही, खोटं नाही, नशा नाही. याला शील म्हणतात. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. कुंपण न घालता पेरलं तर पीक कुणाच्या पोटात जातं, ते त्याला ठाऊक आहे.

मग पहिले साडेतीन दिवस एकच काम. डोळे मिटून बसायचं आणि नाकपुड्यांपाशी, वरच्या ओठाच्या वर जी जागा आहे तिथं लक्ष ठेवायचं. श्वास आला, गेला. बस्स, एवढंच.

इथं आपल्या लोकांचा एक घोटाळा होतो. आपल्याला प्राणायाम ऐकून माहीत असतो. त्यात श्वास ओढायचा असतो, रोखायचा असतो, मोजून सोडायचा असतो. त्याचा उपयोग त्याच्या जागी आहे. पण आनापानात श्वासाला काहीही करायचं नाही. तो लांब असेल तर लांब आहे हे कळू द्यायचं, आखूड असेल तर आखूड आहे हे कळू द्यायचं. बुद्धांनी यासाठी कातकाम करणाऱ्या कारागिराचा दाखला दिला आहे. लाकूड चरकावर फिरवताना हा फेरा लांब घेतला की आखूड, हे कसबी कारागिराला आपोआप कळत असतं. त्याचं चित्त तिथंच असतं, तसं.

मी शिक्षक, तेव्हा मला हजेरीचा दाखला सुचला. हजेरी घेताना आपण मुलाला 'उंच हो' किंवा 'बुटका हो' असं म्हणत नाही. नाव पुकारतो, तो 'हजर' म्हणतो, आपण खूण करतो. श्वासाचंही तसंच. लांब आला? हजर. आखूड आला? हजर. उजव्या नाकपुडीतून आला? हजर.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. पाच-सहा श्वास झाले नाहीत तोच मन तालुक्याच्या कचेरीत. तिथून ओढून आणलं, तर भावकीच्या बांधाच्या भांडणात. पुन्हा आणलं, तर दहा वर्षांपूर्वी कुणी काय बोललं होतं त्यात. मी चिडलो. दात ओठ खाऊन मनाला ओढू लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तर पिशवी भरून घरी निघावं असं वाटलं. आणि तेव्हाच माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. मन उशिरा परत यायचं आणि मी त्याला मारायचो. त्या पोराच्या बाबतीत केलं, तेच मी इथंही करत होतो. तिथं वर्ग होता, इथं मी एकटा होतो, एवढाच फरक.

शिकवणारे सांगत होते की मन पळालं हे कळलं की हसून परत या. पळालं म्हणून रागावू नका. मी ऐकत होतो, पण कानाआड करत होतो. त्या दिवसापासून मी मनाला गैरहजेरीबद्दल शिक्षा करणं सोडलं. आलं की 'हजर' म्हणायचं. तिसऱ्या दिवशी सलग काही मिनिटं ते बसलं.

मग निराळीच अडचण आली. मन शांत झालं तसा श्वास इतका बारीक झाला की सापडेचना. बुद्धघोष नावाच्या आचार्यांनी पाचव्या शतकात श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ लिहिला. त्यात या अडचणीवर एक दाखला आहे, तो खास तुमच्यासाठीच दिल्यासारखा आहे. एका शेतकऱ्यानं नांगरट झाल्यावर बैल चरायला सोडले आणि तो सावलीला बसला. बैल रानात शिरले. आता शहाणा शेतकरी त्यांच्या मागं मागं रान तुडवत फिरत नाही. तो दोर आणि पराणी घेऊन सरळ पाणवठ्यावर जातो आणि तिथं बसून राहतो. बैलांना तहान लागणार आणि ते तिथंच येणार. तसंच श्वास सापडला नाही तर त्याच्या मागं धावू नका. तो जिथं स्पर्श करतो त्या नाकपुडीपाशी थांबा. तो येईल, कुठं जातो?

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. तोपर्यंत लक्षाला धार लागलेली असते. आता ते लक्ष डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत अंगभर क्रमाक्रमानं फिरवायचं. कुठं ऊन वाटतं, कुठं गार, कुठं खाज, कुठं मुंग्या, कुठं जडपणा, कुठं ठणका. जे असेल ते पाहायचं. चांगलं वाटलं तर त्याला धरून ठेवायचं नाही, वाईट वाटलं तर त्याला हाकलायचं नाही. सगळं येतं आणि जातं, एवढं स्वतःच्या अंगावर अनुभवायचं. यालाच अनित्य म्हणतात. 'सगळं नाशिवंत आहे' हे आपण कीर्तनात ऐकतो, मान डोलवतो आणि घरी येऊन बांधासाठी भांडतो. इथं ते दुखणाऱ्या गुडघ्यावर शिकावं लागतं. तासभर न हलता बसलो, तेव्हा माझा गुडघा पेटल्यासारखा झाला. मी पाहत राहिलो. ठणका वाढला, सरकला, पसरला, कमी झाला, पुन्हा आला. मी त्याला एक अखंड दगड समजत होतो, पण तो तसा नव्हता.

इथं शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्दांबद्दल सावध करतो. पालीतले हे शब्द मराठीतही आहेत, पण आपल्याकडे त्यांचे अर्थ फिरले आहेत. पहिला शब्द 'वेदना'. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत वेदना म्हणजे कुठलीही संवेदना, मग ती सुखाची असो, दुःखाची असो, की दोन्ही नसलेली. दुसरा शब्द 'उपेक्षा'. मराठीत एखाद्याची उपेक्षा केली म्हणजे त्याच्याकडे पाठ फिरवली. पालीतली 'उपेक्खा' याच्या बरोबर उलट आहे. तिच्यात पूर्ण लक्ष असतं, पण मन डावीकडे वा उजवीकडे झुकत नाही. मुलांनी हे शब्द वाचले तर हा फरक त्यांना जरूर सांगा.

आणि हा फरक कळला की माझ्या हाताचं कोडं सुटतं. बुद्धांनी दुःखाची एक साखळी सांगितली आहे. तिच्यात वेदनेपासून तृष्णा उत्पन्न होते. हवंसं वाटलं की ओढ, नकोसं वाटलं की तिटकारा. आपल्याला वाटतं, मुलगा उशिरा आला म्हणून मला राग आला. पण मधे एक पायरी असते, ती आपण पाहत नाही. मुलगा दारात दिसला की आधी माझ्या अंगात काहीतरी होतं. कान तापतात, छाती आवळते, श्वास आखूड होतो. ते नकोसं वाटतं. ते नकोसं झटकून टाकायला हात उठतो. त्या सकाळी मी त्या पोराला मारलं असं मला वाटत होतं. खरं तर मला माझ्या छातीतली आवळ सहन झाली नव्हती आणि तिची किंमत त्यानं मोजली.

साखळीच्या या सांध्यावरच विपश्यनेचं काम आहे. कान तापले हे तापतानाच कळलं, तर हात उठायच्या आत एक श्वासाची फट पडते. फार मोठी नव्हे, एकाच श्वासाची. पण त्या फटीत माणूस उभा राहू शकतो.

मी शिबिराहून आलो आणि साधू झालो, असं मुळीच नाही. त्यानंतरही मला राग यायचा. एकदा फळ्यावर कुणीतरी माझं चित्र काढलं होतं, तेव्हा तर चांगलाच आला. कान तापले. मी खडू खाली ठेवला, खिडकीपाशी गेलो, चार श्वास पाहिले आणि मग वळून म्हणालो, "नाक जरा मोठं झालंय." वर्ग हसला. बाकी काही झालं नाही. हे 'बाकी काही न होणं' मला शिकायला पंचवीस वर्षांची नोकरी आणि वर दहा दिवस लागले.

तुम्हाला घरी सुरुवात करायची असेल तर आनापान करून पाहता येईल. विपश्यना मात्र शिकवणाऱ्यासमोर बसूनच शिकावी. ती रेडिओवरून सांगण्याची गोष्ट नाही. आनापानासाठी पहाटे धारा काढण्याआधीची वेळ चांगली, किंवा रात्री जेवण जिरल्यावरची. घोंगडीची घडी घालून बसा. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसा, कंबर धरत असेल तर भिंतीला टेका. पाठ सरळ, अंग सैल, डोळे आणि तोंड मिटलेलं. नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास पाहा. तो मुळीच कळला नाही तर दोन-चार श्वास जरा जोरानं घ्या, कळला की पुन्हा साधा होऊ द्या. झोप येऊ लागली तर उठून तोंडावर पाणी मारा. दहा मिनिटं पुरे. पण रोज. एक दिवस तासभर आणि मग पंधरा दिवस नाही, हा धरसोडपणा शेतीत चालत नाही आणि इथंही चालत नाही.

आणखी एक सांगतो. श्वास नाकापाशीच पाहावा असा सगळ्यांचा आग्रह नाही. ब्रह्मदेशातलेच महासी सयाडो यांच्या रीतीत श्वासाबरोबर पोट वर येतं आणि खाली जातं, त्याच्याकडे लक्ष देतात. वाटा निराळ्या असल्या तरी काम एकच. मात्र एक वाट धरावी. रोज विहीर बदलून खणली तर पाणी लागत नाही.

शिक्षकांसाठीही दोन शब्द. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत 'मित्र उपक्रम' या नावानं मुलांना आनापान शिकवलं गेलं आहे. काहींनी ते माझ्याप्रमाणेच आपल्या वर्गात करून पाहिलं असेल. माझा अनुभव एवढाच सांगतो, की मुलांच्या आधी गुरुजींनी बसावं. 'डोळे मिटा, गप्प बसा' असं ओरडून घेतलेलं ध्यान ही कवायत झाली. एखाद्या मुलाला नको असेल तर त्याला बाहेर पाखरं पाहू द्यावीत. आणि शिक्षा म्हणून कुणाला ध्यानाला बसवू नये. मग तो जन्मभर श्वासाचा तिरस्कार करील.

शेतकरी मंडळी म्हणतील, गुरुजी, आम्हाला डोळे मिटून बसायला सवड कुठं? तुमच्यासाठी दोन जुन्या गोष्टी आहेत. सिद्धार्थ लहान असताना वडील कामात होते आणि तो जांभळीच्या सावलीत बसला होता. तिथं त्याचं चित्त पहिल्यांदा एकाग्र झालं, ही आठवण पुढे बुद्धांनी स्वतः सांगितली आहे. टीकाकार म्हणतात की ते काम म्हणजे नांगरणीचा सण होता आणि मुलाचं लक्ष श्वासावर होतं. दुसरी गोष्ट मगधातल्या एका शेतकरी ब्राह्मणाची. पेरणीच्या दिवसांत तो बुद्धांना म्हणाला, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तुम्हीही तसंच करा. बुद्ध म्हणाले, मीही नांगरतो. आणि आपली अवजारं सांगताना त्यांनी भानाला नांगराचा फाळही म्हटलं आणि पराणीही म्हटलं. फाळ जमिनीत शिरतो आणि पराणी बैलाला तासावर ठेवते. भानाचीही हीच दोन कामं. तेव्हा तास धरून चालताना पाऊल पडतं ते कळणं, मोट हाकणाऱ्या आजोबांच्या काळात होतं तसं आज मोटार सुरू करून बांधावर बसल्यावर दहा श्वास पाहणं, हेही चालेल.

आता शेवटी सावधगिरीचं. ऊ बा खिन यांनी डोकेदुखीच्या माणसाला परत पाठवलं, ते आठवा. हे औषध नाही. ताप आला तर दवाखान्यात जा. मन फारच खचलं असेल, झोप उडाली असेल, भलतेसलते आवाज ऐकू येत असतील, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि घरच्यांना सांगा. अशा अवस्थेत दहा दिवसांचं मौन धरायला जाऊ नका. कुणाला असा आजार होऊन गेला असेल, तर शिबिराच्या अर्जात तो लपवू नका. श्वास पाहिल्यानं सोसायटीचं कर्ज फिटत नाही आणि करपलेलं पीक हिरवं होत नाही. आणि उपेक्खा म्हणजे अन्याय मुकाट्यानं सोसणंही नव्हे. भाव पडला तर बाजार समितीत जाऊन जरूर बोला. फक्त बोलताना कान तापले आहेत हे तुम्हाला कळत असेल, तर तुम्ही जास्त नेमकं बोलाल. आणि घरी येऊन तो राग बायकोवर किंवा लेकरावर निघणार नाही.

तो मुलगा वर्षअखेरीस चौथी पास झाला आणि पाचवीला दुसऱ्या शाळेत गेला. मी इगतपुरीहून आल्यावर त्याच्यावर कधी हात उचलला नाही, कुणावरच उचलला नाही. तरी मी जवळून गेलो की त्याचं कोपर थोडंसं हलायचं. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत हलायचं. माझ्या हाताला शिकायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ त्याच्या हाताला विसरायला लागणार होता. ते कोपर पुढे कधी खाली आलं की नाही, मला माहीत नाही. त्याच्यानंतर माझ्या वर्गात आलेल्या मुलांनी खिडकी लावताना कधी डोकं झाकलं नाही, एवढं मात्र मी पाहिलं आहे.

आजही मी पहाटे उठून बसतो. काही दिवशी मन हजर असतं, काही दिवशी दिवसभर गैरहजर. मी खूण करतो आणि पुढचं नाव पुकारतो. तुम्हीही उद्या पहाटे दहा मिनिटं बसून पाहा.